बाई, ती ओळ मी खोडली होती

बाई,

शोकसभा झाली. तुमचा जन्म कुठला, शिक्षण कुठे, मुंबईच्या प्रयोगशाळेत किती वर्षं होतात, निवृत्तीनंतर पनवेलच का, हे सगळं एकाने कागदावर लिहून आणलं होतं आणि त्यातलं अर्धं चूक होतं. मला बोलायला सांगितलं. मी उठले नाही. माइक हातात आला की सोडत नाही अशी माझी ख्याती, त्यामुळे सगळ्यांना वाटलं मला भरून आलंय. भरून आलं नव्हतं. मी दमले होते. आणि जे बोलायचं होतं ते हार घातलेल्या फोटोसमोर बोलायचं नव्हतं.

म्हणून आपल्या चळवळीच्या या पत्रिकेत लिहिते. संपादक म्हणाले एक पान दे. मी जास्त घेणार आहे.

आधी मुद्द्याचं सांगते, तुम्हाला प्रस्तावना आवडायच्या नाहीत. तीन वर्षांपूर्वी मिठागराच्या पाड्यावर कॉलरा आला तेव्हा आपण काढलेल्या पत्रकातली एक ओळ मी खोडली. पत्रकाखाली नाव तुमचं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले, छापखान्यात राहिली. ते खोटं होतं.

आता बाकीचं.

तुमच्याकडे मी पहिल्यांदा आले ती भांडायलाच. तळ्याकाठच्या तुमच्या दोन खोल्यांत पुस्तकं जमिनीवर आणि भांडी कपाटात होती. तुम्ही एक पुस्तिका लिहीत होतात, 'पेशी निरोप कसा ऐकते'. मी ते नाव वाचलं आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, बाई, पाड्यावर नळाला दिवसाआड पाणी येतं, खारघरच्या बाजूला नव्या वसाहतीचा भराव टाकून नाले बुजवताहेत, आणि तुम्ही पेशीच्या आतल्या गप्पा लिहिताय? कोण वाचणार?

तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत. "तू वाचशील. आधी शिव्या घालशील, मग वाचशील."

तसंच झालं.

पेशीच्या बाहेर एक रसायन येतं, भिंतीला चिकटतं आणि तिथेच थांबतं. आत जात नाही. पण त्याच्या चिकटण्याने भिंतीत रुतलेलं एक प्रथिन जरासं वाकतं. ते वाकलं की आतल्या अंगाचं दुसरं जागं होतं, ते तिसऱ्याला कामाला लावतं, आणि तिसरं भराभर बारीक निरोप्ये तयार करतं, हजारोंनी. बाहेर एक टकटक आणि आत गावभर बोभाटा. हे मी तुमच्याकडून शिकले. पण मला ते पत्रकाच्या भाषेत हवं होतं. मी लिहून आणलं: पेशी म्हणजे सरकारी कचेरी. दारावर शिपाई, आत कारकून, चिठ्ठी वर जाते, साहेब हुकूम सोडतो.

तुम्ही एकच शब्द खोडलात. साहेब.

"साहेब नाही गं तिथे."

"मग हुकूम कोण देतं?"

"कोणी नाही. शेजारचा शेजारच्याला हलवतो."

"म्हणजे जबाबदार कोणीच नाही?"

"असं मी कुठे म्हटलं? जो तो आपापल्या जागेपुरता जबाबदार आहे."

मी चिडले. ज्यात दोषी सापडत नाही त्याचं पत्रक लिहिता येत नाही, असं काहीतरी बोलले. तुम्ही म्हणालात, "विजू, तुला उद्गारचिन्हं कुणी फुकट वाटतं का? या पानावर अकरा आहेत." आणि चहा टाकायला उठलात. हा वाद आपण चार वर्षं घातला. शेवटच्या महिन्यातसुद्धा, तुम्हाला बोलताना धाप लागत होती तरी. मी अजून साहेब शोधतेच आहे बाई. सवय जात नाही.

पाड्यावर संध्याकाळी आपला साक्षरता वर्ग चालायचा. तिथे तुम्ही पुस्तिकेतलं एकेक प्रकरण वाचून दाखवायचात आणि मी लाजेने बाहेर जाऊन उभी राहायचे. वाटायचं, दिवसभर मीठ ओढून आलेल्या माणसांना हे काय. पण धर्माकाका तुमच्या अगदी समोर बसायचे. मिठागरावर उघाड्या सांभाळणारा माणूस. भरतीचं पाणी आत घ्यायचं आणि वेळेवर अडवायचं, बांधातली ती लाकडी दारं उघडायची-मिटायची, जन्मभर हेच. बाराखडी त्यांनी पन्नाशी उलटल्यावर गिरवली. त्यांची बायको हिराकाकू वर्गात बसायची नाही, दारात बसून टोमणे मारायची.

"शिका शिका. शिकून कलेक्टर व्हाल आन मना मोटारीतून नेवाल."

"तू गप ऱ्हा. बाई सांगतायत ते आयक."

"काय सांगतायत? पोटात दारं हायत म्हनं. माज्या पोटात दार असतं तर तुमाला कवाच भायेर घातला असता."

तुम्ही किती हसलात बाई. मी बाहेरून ऐकत होते.

त्याच संध्याकाळी धर्माकाकांनी तो प्रश्न विचारला. तुम्ही सांगत होतात की निरोप आला की पेशीतली क्षारांची दारं उघडतात आणि क्षारांमागोमाग पाणी जातं. काका म्हणाले, "उगडा म्हून निरोप येतो ते समाजलं. बंद करा म्हून कोन सांगतो?"

तुम्ही हातातलं पुस्तक मिटलंत. मला अजून दिसतं. म्हणालात, "काका, हा प्रश्न विचारायला आमच्या लोकांना फार वर्षं लागली." मग सांगितलंत की बंद करा असं वेगळं सांगायला लागत नाही. निरोप पुढे देणारं जे प्रथिन असतं त्याला जागं होतानाच मोजकं तेल मिळतं. ते तेल ते स्वतःच जाळून टाकतं. संपलं की गप्प. गप्प होणं त्याच्या घडणीतच आहे. कॉलऱ्याच्या जंतूचं विष नेमकं इथेच घाव घालतं. ते या प्रथिनाला तेल जाळू देत नाही. मग ते ओरडतच राहतं, दारं उघडीच राहतात, आणि आतड्यातून माणूस वाहून जातो.

"उघाडी अडाकली तर पानी जानारच," काका म्हणाले. "मंग उपाय?"

"एक दुसरं दार आहे. त्याला विष लागत नाही. मीठ आणि साखर बरोबर आली तरच ते उघडतं, आणि पाणी आत घेतं. जाईल तेवढं पाजत राहायचं, बस."

हे सगळं पाड्याने ऐकलं होतं. एकदा, पावसाळ्याआधी. एकदा ऐकलेलं किती राहतं?

भाद्रपदात भरावाच्या कामावरच्या यंत्राने पाड्याची पाइपलाइन फोडली. कंत्राटदाराच्या माणसांनी तिला रबराची पट्टी आवळली आणि वर माती ओढली. शेजारून सांडपाण्याचा चर गेला होता. आठवड्यात पाड्यावर जुलाब सुरू झाले. मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत टँकर मागायला गेले. तिथले साहेब म्हणाले, उकळून प्यायला सांगा, टँकर कशाला? जळण कुठून आणायचं विचारलं तर त्यांनी फाइल उघडली. मी तिथून उठले ती पत्रक काढायचं ठरवूनच.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी बांधून पडल्या होतात. तुम्ही सांगितलंत, मी लिहिलं. मग तुम्ही म्हणालात वाचून दाखव, आणि मी सगळं वाचून दाखवलं. पाइपलाइन कुणी फोडली. टँकर ताबडतोब हवा. या नळाच्या पाण्याचा एक थेंबही पोटात जाऊ देऊ नका. आणि त्याखाली तुमची ओळ: जुलाब लागलेल्या माणसाला मात्र पाणी पाजणं थांबवू नका, लिटरभर उकळलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून सतत पाजत राहा.

"ही ओळ ठळक टाइपात घे," तुम्ही म्हणालात.

छापखान्यात मी प्रूफ वाचलं आणि त्या ओळीशी अडखळले. उकळलेल्या पाण्यात. म्हणजे आम्हीच छापून देणार की उकळून चालतं. उद्या हा कागद साहेबाच्या टेबलावर असेल आणि तो म्हणेल, बघा, तुमच्याच बाई सांगताहेत, मग टँकर कशाला? आमची मागणी आमच्याच पत्रकाने मारली असती. हा विचार मी पुरा एक मिनिट केला. मग लाल पेन घेतलं. खिळे जुळवणाऱ्या पेडणेकरांनी विचारलं, "बाईंना विचारलंत?" मी हो म्हटलं.

तेव्हा मला जराही चुकल्यासारखं वाटलं नाही. उलट हुशारी केल्यासारखं वाटलं. हे मुद्दाम लिहिते, कारण आता सगळे म्हणतील पोर घाईत होती, भावनेच्या भरात होती. नव्हते. शुद्धीवर होते.

पाचशे प्रती काढल्या. पाड्यावर मी स्वतः घरोघर दिल्या. धर्माकाकांनी उंबऱ्यावरच वाचायला घेतलं. बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत, शेवटपर्यंत. कुणाच्याही मदतीशिवाय त्यांनी अख्खा वाचलेला तो पहिला कागद. मी म्हटलं, वा काका. मला पुढच्या घरी जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून हिराकाकूला जुलाब लागले. काकांनी घरातले हंडे-कळशा ओतून दिल्या. शेजारणीने चहा आणला तर परत पाठवला, तिचाही नळ तोच म्हणून. काकू पाणी मागत होती. काका तिला पत्रक वाचून दाखवत होते. टँकर येनार हाय, लिवलंय इथं, थेंब पन घ्याचा नाय. दुपार टळल्यावर टँकर आला. तोपर्यंत तिची बोटं सुरकुतली होती, आवाज गेला होता. टेम्पोत घालून पनवेलला आणताना वाटेतच संपली. हे मला त्या शेजारणीनेच नंतर सांगितलं.

आम्ही टँकर मिळवला होता. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या, आमच्या आंदोलनाला यश.

तुमची पट्टी निघाली तेव्हा तुम्ही आधी ते पत्रक मागितलंत. उजेडात धरलंत, वाचलंत, पाठीमागे उलटून पाहिलंत. मग म्हणालात, "माझी ओळ?" मी म्हणाले, छापखान्यात राहिली बहुतेक, जागा नसेल. पदर खोचलात आणि रिक्षा करून पाड्यावर गेलात, डोळ्यावर काळा चष्मा लावून. मी मागून आले.

तुम्ही काकांसमोर जमिनीवर बसलात. म्हणालात, "काका, पत्रक माझं. चूक माझी. सांगायचं ते त्यात आलं नाही."

काकांनी मान हलवली. "नाय बाई. तुमी येवड्या शिकलेल्या. तुमी कशाला चुकाल? मीच काय तरी उलटं वाचला असंल. मना धड वाचाया कुटं येतं."

त्यानंतर ते वर्गाला आले नाहीत. पाटी परत पाठवली. रस्त्यात भेटले की मान खाली घालायचे. मला वाटायचं, दुःख आहे, ओसरेल. खोटं. मला पक्कं ठाऊक होतं काय आहे ते. आपल्या वाचण्याने बायको गेली असं समजून तो माणूस तीन वर्षं जगत होता, आणि त्याला उत्तर देता येईल अशी एकच व्यक्ती होती, ती मी. मी मोर्चे काढत होते.

तुम्ही गेल्यावर तुमच्या पुतणीने मला कागद आवरायला बोलावलं. पुस्तिकेची फाइल कपाटात, भांड्यांच्या मागे होती. त्यात शेवटचं प्रकरण अर्धं होतं, दारं बंद कशी होतात त्याचं. आणि त्या पानांमध्ये ते प्रूफ होतं. माझ्या लाल पेनाची रेघ, आणि मी समासात केलेली सही. मी पेडणेकरांकडे गेले. ते म्हणाले, पट्टी निघाली त्याच आठवड्यात बाई येऊन घेऊन गेल्या. काही बोलल्या का? "नाही हो. माझ्यावर आळ घेतल्याबद्दल तेवढी माफी मागितली, तुमच्या वतीने."

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तीन वर्षं तुम्ही माझ्या हातचा चहा प्यालात, माझी उद्गारचिन्हं मोजलीत, माझ्याशी साहेबावरून भांडलात, आणि तुम्हाला माहीत होतं. प्रुफावर तुम्ही काही लिहिलेलं नाही. मी मागून-पुढून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. एक शब्द नाही.

मला राग आला बाई, अजून आहे. लोक या तुमच्या वागण्याला मोठेपणा म्हणतील, मी म्हणणार नाही. तुम्ही माझी चूक स्वतःच्या नावावर घेतलीत आणि ती तिथे कुणाच्याच उपयोगी पडली नाही. काकांचा तुमच्यावर विश्वासच बसला नाही, एवढी शिकलेली बाई चुकेल कशी म्हणून. मला तुम्ही झापायला हवं होतं. ते प्रूफ माझ्या तोंडावर मारायला हवं होतं. की तुम्हाला वाटलं, मी आपण होऊन बोलेन? तुम्ही वाट पाहत होतात? तसं असेल तर फारच पाहिलीत. आणि मी अशी, की तुम्ही असेपर्यंत बोलले नाही. दोघींपैकी कोण जास्त चुकलं हे आता ठरवायला नको. मी चुकले. तुम्ही नुसत्या गप्प बसलात.

तरीही हे लिहायलाच हवं: मला कोणी इतक्या धीराने वागवलेलं नाही. घरी नाही, चळवळीत तर नाहीच. मी तुमच्याकडे शिव्या घालायला आले आणि तुम्ही मला पेशी शिकवलीत. याबद्दल आभार मानायचे राहिले.

काल मी पाड्यावर गेले. मिठागर आता निम्मं भरावाखाली गेलंय. धर्माकाका अंगणात पाग, मासे धरायचं जाळं, विणत बसले होते.

"काय विजूबाई, विलेक्शन आलं काय?"

मी म्हटलं, नाही काका. आणि उभ्या उभ्याच सांगितलं. ओळ होती. बाईंनी सांगितली होती. मी खोडली. का खोडली तेही सांगितलं, साहेब, टँकर, सगळं. सांगताना ते किती फालतू वाटलं ते मला इथे लिहिता येत नाही.

ते विणत राहिले. मग म्हणाले, "कोनती ओळ?"

मी प्रूफ पुढे केलं.

"तू वाच. मी सोडलंय."

"तुम्ही वाचा काका."

त्यांनी हातातली गाठ पुरी केली. मग जाळं बाजूला ठेवलं, हात लुंगीला पुसले आणि कागद घेतला. रेघेखालची अक्षरं नीट दिसत होती. बोट ठेवून, जोडत जोडत, ते वाचू लागले. साखरेपाशी थांबले. मिठापाशी थांबले.

"मीठ," ते म्हणाले. अंगणाच्या कडेला, बांधापलीकडे मिठाच्या राशी दिसत होत्या. "मीठ तर हाय आमच्याकडं."

त्यांनी लाल रेघेवरून बोट फिरवलं.

"तवा मी बराबर वाचला व्हता."

"हो काका. तुम्ही बरोबर वाचलंत. तेव्हाही."

ते पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले. या वेळी पाइपलाइनपासून, सगळं. मी उभीच होते. बस म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवली. मी परत मागितला नाही.

"किती काडलेली पत्रकं?"

"पाचशे."

"आन आमच्या पाड्यावर?"

"सगळ्या घरांत."

"मंग मनाच कशाला सांगतेस? समद्यांनी तेच वाचलंय. उद्या परत कुनाला लागलं तर ती परत पानी तोडतील." त्यांनी जाळं पुन्हा मांडीवर घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही. "जा. शेजारी जा. ती घरातच हाय."

मी अंगणातून बाहेर पडले आणि शेजारचं दार वाजवलं.